चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

परवा सोलापुरात सात रस्ता चौकातल्या एका चहाच्या टपरीपुढं मी जी उभी राहिले ती हलेचना. मागं रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून म्हातारा झाला. टपरीवर पाटी होती: ‘गुळाचा चहा. शुगरवाल्यांना चालतो.’ अक्षरं हिरवीगार, शेजारी तुळशीचं पान काढलेलं. मी चहावाल्याला विचारलं, “चालतो म्हणून कुणी सांगितलं?”

“नॅचरल असतंय की, आजी.”

“धोतऱ्याचं बीसुद्धा नॅचरल असतं. ते का टाकत नाहीस?”

गिऱ्हाइकं हसली. चहावाला मिशीतून म्हणाला, “तुमाला शुगर हाय काय, आजी?”

“मला नाही रे. पण तुझ्या त्या पाटीवरच्या वाक्यानं माझा एक अख्खा हंगाम खाल्लाय.”

अजून पुष्कळ बोलणार होते. पण तेवढ्यात पातेल्यातली वाफ नाकात शिरली आणि भांडण जिथल्या तिथं विरघळलं. नव्या गुळाची वाफ होती ती. थंडी पडली की सोलापुरात हा वास येतोच. कितीही कारखाने होवोत, चौकाचौकात कितीही पेट्रोल जळो, मार्गशीर्षात कुठून तरी हा वास वाट काढत येतो आणि माझ्यासमोर ठाण मांडून बसतो. आधी ओल्या चुन्यासारखा, मग भाजलेल्या भुईमुगासारखा, आणि सगळ्यात शेवटी गोड. लोकांना त्यानं संक्रांत आठवते. मला नवऱ्याच्या उजव्या पायाचा अंगठा आठवतो.

आमची पेठेत गुळाची अडत होती. बहात्तरचा दुष्काळ सरून ऊस पुन्हा सावरला, त्यानंतरची ही गोष्ट. अकलूजकडून गाड्या यायच्या, ढेपांच्या थप्प्या लागायच्या आणि त्या थप्प्यांच्या मधोमध पांढऱ्या गादीवर आमचे मालक बसायचे. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. मालकी कुणाची, ते घरात आल्यावर कळतं. पेठेत मराठी, घरात कानडी आणि राग दोन्हीत, अशी आमची वाटणी होती.

मालकांच्या जिभेची ख्याती मी काय सांगू. गुळाचा खडा जिभेवर ठेवला की डोळे मिटायचे आणि सांगायचे, हा ऊस कालव्याचा की विहिरीचा, काहील नवी की जुनी, गूळ रांधणारा गुळव्या नवखा की अनुभवी. लोक म्हणत, गुळव्याचं त्या दिवशी बायकोशी भांडण झालं असेल तर तेही त्यांना चवीत कळतं. एकदा तर त्यांनी म्हणे एका ढेपेवरून चरकाला जुंपलेल्या बैलाचा रंग सांगितला होता. हे मी ऐकलेलं. बैल मी पाहिलेला नाही. पण खारट जमिनीतला गूळ त्यांच्या जिभेतून कधी सुटला नाही, हे मात्र शपथेवर सांगते. भाव त्यांच्या जिभेवर ठरायचा आणि शेतकरी तो मान्य करायचा.

घरी यायचे तेव्हा माणूस नव्हे, ढेपच चालत यायची. धोतराला गूळ, टोपीला गूळ, कानाच्या पाळीला गूळ. पेठेतल्या मुंग्या त्यांच्यामागून आमच्या दारापर्यंत रांगेनं यायच्या आणि एखाद्या दिवशी नाही दिसले तर चौकशी करून जायच्या. म्हणून माझं नाक फसलं. ज्या माणसाच्या घामालाच गुळाचा वास, त्याच्या तोंडाला येतो की नाही हे कोण कसं ओळखणार?

तर त्या साली, हंगामाच्या अगदी तोंडाला, एक ढेप थप्पीवरून घसरली ती थेट मालकांच्या अंगठ्यावर. ठेचलं, सुजलं, हळद भरली. आठवड्यानं बरं व्हायचं ते बरं होईना. जखमेची कड काळी पडायला लागली. अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या दृष्ट लागली. मी म्हटलं डॉक्टर. डॉक्टरांनी लघवी तपासली, मान हलवली आणि मधुमेह म्हणाले. आणि दुसरं जे म्हणाले ते ऐकून माझ्या पायांखालची फरशी सरकली. गोळ्या चालू करू, जखम रोज धुऊ, पण साखर उतरली नाही तर महाशिवरात्रीच्या सुमाराला अंगठा काढावा लागेल. तेवढ्यानं नाही भागलं तर पाऊल.

मालक उठता उठता म्हणाले, “डॉक्टर, मी तर साखर खातच नाही. आमचा गुळाचा धंदा.”

डॉक्टरांनी एक छापील कागद दिला. सकाळी टोस्ट, उकडलेलं अंडं. दुपारी मासा किंवा चिकनचा एक तुकडा. मी तो वाचून दाखवला तेव्हा अव्वांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि कागद उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. आमच्याकडं कांद्याला सुद्धा सोमवारी सुट्टी. अंड्याचं नाव कागदावर आलं म्हणून त्यांनी पायरी धुवून घेतली. कागद तीन दिवस बाहेर दगडाखाली होता. शेवटी शेळीनं खाल्ला. शेळीची साखर उतरली असेल तर माहीत नाही.

मी परत डॉक्टरांकडं गेले आणि भांडले. ते चांगले होते. म्हणाले, “बाई, मला औषध कळतं. तुमचं ताट मला कळत नाही. ज्यांना कळतं त्यांच्याकडं जा.” सात रस्त्याजवळच्याच एका दवाखान्यात त्या वर्षी पुण्याहून एक बाई आल्या होत्या. करंदीकरबाई. डायटिशियन हा शब्द सोलापुरात तेव्हा कुणाच्या तोंडात मावत नव्हता, म्हणून लोक त्यांना खाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणत. अंगानं काडी, आवाजानं तोफ. पहिल्याच दिवशी मालकांना पाहून म्हणाल्या, “अप्पासाहेब, तुम्ही काय खाऊ नये ते नंतर सांगते. आधी तुम्ही काय खाता ते सांगा.”

मालक खुलले. बाईमाणूस जेवणाचं विचारतंय म्हटल्यावर कोण नाही खुलणार? ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल, आमटी, दही. बाई लिहून घेत नव्हत्या, ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, “वहिनी, उद्या तुमची भाकरी घेऊन या. आणि तुमची आमटीची वाटी.” मी नेली. भाकरी टेबलावर ठेवली तर टेबल दिसेना. बाईंनी तिचा घेर हातानं मोजला, वाटीत पाणी ओतून पाहिलं आणि म्हणाल्या, “ज्वारी सोडायची नाही. ज्वारी बरी. पण ही भाकरी एका माणसाची नाही, घराची आहे.”

मला त्यांचं पटलं ते ह्यासाठी. आमचंच ताट त्यांनी आम्हाला परत मांडून दिलं. भाकरी छोटी, पालेभाजी दुप्पट. मटकी, हुलगा, ताक. चटणी चमच्यानं, तेल नावाला. पोट रिकामं ठेवून दोन वाजता ताटात डोंगर रचायचा नाही; मधे अकराला थोडं खायचं आणि ते घरून जायचं. म्हणून मी रोज अकराला डबा घेऊन पेठेत जायला लागले. अडत्याची बायको भर सौद्यात पेढीवर येते, ह्यावरून पेठ महिनाभर बोलत होती. बोलू दे म्हटलं. पेठेचा अंगठा काही जाणार नव्हता.

बाईंनी मला आणखी एक विद्या शिकवली. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, नारिंगी झालं तर घाबरा आणि विटकरी झालं तर धावा. स्वयंपाकघरात हे केलं असतं तर अव्वांनी काशी गाठली असती. म्हणून परसात, न्हाणीच्या आडोशाला, वेगळा स्टोव्ह. ह्या गावात सूत रंगवणारे घरोघर. पण रोज संध्याकाळी नवऱ्याचं पाणी रंगवणारी मीच एक. शेजारीण कुंपणावरून विचारायची, “आज कुठला रंग उतरला हो?”

विटकरी. रोज विटकरी.

आता माझ्या जिवाचा संताप समजून घ्या. चहातली साखर बंद. शेंगाची पोळी बंद. संक्रांतीचा तीळगूळ करून मी कुलपात ठेवला, किल्ली कमरेला. भाकरी वाटीच्या मापानं. मेथी इतकी केली की स्वप्नात मेथी यायची. अकराचा डबा समोर बसून खाऊ घालायची. आणि संध्याकाळी नळी बघावी तर पक्क्या विटेचा रंग. त्या विटांनी मी त्या हंगामात एक खोली बांधली असती.

अव्वांना वाटलं मीच उपाशी ठेवून त्यांचं रक्त बिघडवते. मालकांच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणायच्या, “तिन्नप्पा, तिन्नु,” म्हणजे खा रे बाबा, खा. पण द्यायला त्यांच्याकडं काही नव्हतं, किल्ली माझ्याकडं होती. करंदीकरबाईंना वाटलं, मी मायेनं काहीतरी चारते. एक दिवस दार लावून त्यांनी मला विचारलं, “वहिनी, खरं सांगा. मी रागावणार नाही.”

“मी रागावणार आहे,” मी म्हटलं. “माझ्या घरात गोड म्हणून काही असेल तर ते फक्त माझं बोलणं. आणि तेसुद्धा आता संपलं.”

बाई हसल्या नाहीत. “मग कुठून येते?”

ते मी मालकांना विचारत होतेच. सकाळी विचारायची, संध्याकाळी विचारायची. ते इष्टलिंगाला हात लावून सांगायचे, “तुझ्या डब्याशिवाय एक कण खाल्ला नाही.” लिंगाला हात लावून हा माणूस खोटं बोलणार नाही. एकदा पेठेत खोटं बोलायची वेळ आली तर लिंग सदऱ्याच्या आत सरकवून, वरून बटण लावून मग बोलले होते. म्हणजे नळी खरी नाही, बाईंचं शास्त्र खरं नाही. फक्त मालक खरे. आणि जखमेची काळी कड रोज थोडी वर चढते आहे. मी रोज ती धुवायची. ते वर बघत, छताकडं, आणि मला विचारत, “काय म्हणतंय?” मी म्हणायची, “तुमच्यावर रागावलंय.” आणि पाणी ओतायला परसात जायची.

मग एक संध्याकाळ आली आणि नळी उकळून उकळून निळसर हिरवीच राहिली. माझा विश्वास बसेना. दुसरी नळी. तीही तशीच. अव्वांनी दोन्ही हात जोडले. म्हणाल्या, आज अमावास्या, मी उपास धरलाय, पावलं बघ. दुसऱ्या दिवशी परत वीट.

हे मी करंदीकरबाईंना सांगितलं, चिडूनच. “आता महिन्यातून तीस अमावास्या आणा म्हणजे पाय वाचतो.”

बाई खुर्चीत सरळ झाल्या. “अमावास्येला तुमच्याकडं वेगळं काय शिजलं?”

“काही नाही. तेच.”

“वेगळं काय केलं?”

“काही नाही. मालक घरात होते दिवसभर. अमावास्येला पेठ बंद असते.”

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला उगाच चोरी पकडल्यासारखं झालं. “वहिनी,” त्या म्हणाल्या, “उद्या अकराचा डबा मीही तुमच्याबरोबर घेऊन येते. रिकामा.”

पुण्याची बाई, कडक इस्त्रीची पांढरी साडी, मनगटावर घड्याळ, गुळाच्या पेठेत. हमालांनी पाठीवरच्या ढेपा तशाच धरून ठेवल्या. मालकांची तारांबळ उडाली. पेढीवर खुर्ची हा प्रकार नसतो. बाई सरळ गादीच्या कडेला बसल्या, मांडीवर पितळी डबा घेऊन, आणि म्हणाल्या, “अप्पासाहेब, तुमचं काम चालू द्या. मला फक्त एक करा. तुम्ही जेवढा तुकडा तोंडात टाकाल, तेवढाच मलाही द्या.”

“हां, चव बघायची होय? बघा की,” मालक खूश. आपल्या जिभेची कीर्ती पुण्यापर्यंत गेली असंच त्यांना वाटलं.

गाड्या लागल्या. सौदे सुरू झाले. प्रत्येक थप्पीतली एक ढेप फोडायची, मधला तुकडा काढायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे. एक थप्पी, दुसरी थप्पी. शंका आली तर त्याच थप्पीतली दुसरी ढेप. शेतकरी खट्टू झाला तर त्याच्या समाधानासाठी परत एक. भाव ठरल्यावर तोंड गोड म्हणून एक. प्रत्येक वेळी तेवढाच तुकडा बाईंच्या डब्यात. डबा भरत चालला होता.

सौदे उरकले तेव्हा बाई उठल्या आणि म्हणाल्या, “तुमचा काटा मला वापरू द्या.” आणि डबा उपडा केला. गुळाचा ढीग पारड्यात पडला. दुसऱ्या पारड्यात बाईंनी वजन ठेवलं. पारडं हललं नाही. आणखी एक ठेवलं. मग आणखी.

मालकांनी काय केलं माहीत आहे? गूळ उतरवला, रिकामा काटा धरला, त्याची जीभ स्थिर होईपर्यंत थांबले. काटा खोटा तर नाही, हे पाहिलं. स्वतःचा काटा. तो खरा होता. मग ते हळू आवाजात म्हणाले, “पण बाई, हे खाणं नव्हे. ही चव आहे.”

“अप्पासाहेब, पोटाला ते कळत नाही.”

“खाणं म्हणजे हात धुवून, लिंगपूजा करून, ताटावर बसून खाल्लेलं. हे काम आहे. कामाला कोण खाणं म्हणतं?”

ते खोटं बोलत नव्हते; रोज डबा घेऊन समोर बसून मीही ते पाहत होते आणि मलाही ते खाणं वाटलं नव्हतं. हेच तर माझं दुखणं. खोटारड्या माणसाशी भांडता येतं. हा माणूस दिवसभर गूळ गिळत होता आणि लिंगाला हात लावून उपाशी होता.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला ह्यावर. आपण ताटातलं मोजतो आणि ताटाबाहेरचं सगळं आयुष्य मोजायचं विसरतो. सून परवा मला म्हणाली, “आई, मी तर काहीच खात नाही, तरी वजन वाढतं.” आणि बोलता बोलता पोराच्या ताटातलं उरलेलं सगळं तोंडात टाकलं. टाकायचं जिवावर येतं ना, मग ते खाणं नव्हे, काटकसर. प्रसाद म्हणजे खाणं नव्हे, भक्ती. पाहुण्याकडचा चहा म्हणजे खाणं नव्हे, रीत. आमटीत मीठ पाहणं म्हणजे स्वयंपाक. आता फोनवर सगळं मोजून मिळतं म्हणतात, पाऊलसुद्धा. मिळत असेल. पण फोन तुमच्या गादीवर येऊन डबा धरून बसत नाही. करंदीकरबाई बसल्या. त्यांच्या शास्त्रातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच.

असो. पकडलं म्हणजे संपलं असं नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर मालक जेवले नाहीत. म्हणाले, “चव नाही घेतली तर मी अडत्या कसला? उद्या शेतकरी म्हणेल, अप्पाची जीभ गेली.” 

“जीभ गेलेली परवडेल. पाय गेला तर पेढीवर जाणार कसे?”

“हमाल उचलून नेतील.”

“ढेपेसारखे?”

अव्वा मधे पडल्या नसत्या तर मी तीळगुळाच्या कुलपात मालकांनाच घातलं असतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मात्र त्यांना गूळ सोडा म्हटलंच नाही. उलट विचारू लागल्या, “गूळ पारखताना काय काय बघता?” मालक तोंड फुगवून, पण सांगायला लागले. रंग. कणी. नखानं ओरखडा. फोडताना होणारा आवाज. वास. “मग जिभेचं काम काय राहिलं?” “खार. खार जिभेशिवाय कळत नाही.” “खार कळायला गिळावं लागतं का?”

मालक म्हणाले, “शेतकऱ्याच्या तोंडासमोर त्याचा गूळ थुंकू? बाई, त्यानं वर्ष घातलंय त्यात.”

अडचण तिथं होती आणि ती खरी होती. गूळ थुंकणं म्हणजे त्याच्या शेतावर थुंकणं. बाई एवढंच म्हणाल्या, “ते तुम्हालाच ठरवावं लागेल. मी फक्त वजन सांगू शकते.”

त्याच आठवड्यात अकलूजकडचे तात्या आले. वर्षानुवर्षं आमच्याच पेढीवर गूळ घालणारे, दांडगे, बोलायला आंबट. मी डबा घेऊन बसले होते. मालकांनी ढेप फोडली, तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले. आणि मग वाकून पानवाल्यांसाठी ठेवलेल्या पितळी पिकदाणीत थुंकले.

तात्यांचा चेहरा उतरला. “खारट लागला व्हय?”

“नाही. चांगला आहे. भाव देतो.”

“मग थुकला का? कुतऱ्याम्होरं टाकल्यागत थुकला माजा गूळ. उचला रं ढेपा.” हे त्यांच्या गाडीवानाला. गाडीवानानं ढेपेला हात घातला. शेजारचा अडत्या मान उंच करून बघायला लागला, कारण तात्यांचा गूळ त्याला वर्षानुवर्षं हवा होता.

मी मालकांकडं बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस तुकडा उचलणार आणि गिळणार. त्यांचा हात ढेपेपर्यंत गेलासुद्धा.

मालकांनी हात मागं घेतला. मग उजवा पाय उचलला आणि गादीवर ठेवला. पांढऱ्या गादीवर, जिला रोज सकाळी हळदकुंकू लागायचं, जिच्यावर मुलांनीसुद्धा कधी पाय ठेवला नव्हता. आणि पट्टी सोडायला लागले. सगळी सोडली. दवाखान्याच्या औषधाचा वास गुळाच्या वासात मिसळला.

“तात्या,” मालक म्हणाले, “गिळला की हे वर चढतंय. शिवरात्रीला तोडणार म्हणतात.”

तात्या उकिडवे बसले. जखमेकडं बराच वेळ बघितलं. शेतकऱ्याला सडणारं आणि धरणारं ओळखता येतं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “वैनी, हे आदी सांगायचं की. ह्या माणसाच्या घशात इतकी वर्सं हे इख आमीच घालत आलो व्हय?” आणि पिकदाणी दोन्ही हातांनी उचलून मालकांच्या तोंडापुढं धरली. “दुसरी ढेप फोडा, अप्पा. बगा चव. आन् थुका हितं.”

त्या दिवसापासून तात्या आले की पिकदाणी तेच धरायचे, दुसऱ्याला हात लावू देत नसत. बाकीच्यांचं म्हणाल तर पेठेत आठवड्याभरात वेगळीच हूल उठली, की अप्पांना गूळ पारखायची नवी रीत सापडली आहे; गिळला की चव बिघडते, थुंकला की खरी कळते. झालं. सगळे अडते थुंकायला लागले. धडधाकट माणसं, ज्यांना ना शुगर ना काही, तीसुद्धा डोळे मिटून पिचकाऱ्या मारायला लागली. त्या हंगामात सोलापुरात पितळी पिकदाणी मिळेनाशी झाली आणि लोक लग्नातल्या घंगाळात थुंकत होते, असं मी सांगते. घंगाळाचं कुणी खोटं ठरवायला आलं तर येऊ दे.

पण नळीचं मी खोटं सांगणार नाही. वीट नारिंगी झाली. नारिंगी पिवळी झाली. पिवळ्यावर पुष्कळ दिवस अडली. तेव्हा बाईंनी रात्रीची भाकरी अर्धी केली, जेवणानंतर मालकांना पाय वर ठेवून बसायला लावलं आणि मला मटकीच्या आणखी चार तऱ्हा शिकवल्या, ज्यातल्या दोन खाण्यासारख्या होत्या. गोळ्या होत्या, रोजचं धुणं होतं. मग एका संध्याकाळी, अमावास्या नसताना, पेठ उघडी असताना, नळी हिरवी राहिली. पुढं निळी. न्हाणीच्या आडोशाला बसून मी ती उजेडाकडं धरली आणि बराच वेळ उतरवलीच नाही. शेजारणीनं विचारलं, कुठला रंग? मी नळीच कुंपणावरून पुढं केली.

शिवरात्र आली आणि गेली. जखमेची काळी कड सुकून गळली, खालून गुलाबी कातडी आली. डॉक्टर म्हणाले, राहतोय अंगठा.

आणि आता माझ्या संतापाचा खरा भाग. त्यानंतर मालक पुढची पुष्कळ वर्षं जगले, त्याच ताटावर, त्याच मापानं. आणि त्या सगळ्या वर्षांत पाय कसा वाचला हे विचारणाऱ्याला त्यांनी एकदाही सरळ उत्तर दिलं नाही. एकाला सांगितलं, सिद्धेश्वराची कृपा. दुसऱ्याला, विजापूरच्या वैद्याचं पान. तिसऱ्याला, आमच्या घराण्याचं रक्तच असं. मी आतून ओरडायची, “करंदीकरबाईंचं नाव घ्या.” ते मधेच तोंड घालायचे, “तुला काय कळतं त्यातलं.” एकदा बाई समोर बसल्या असताना त्यांनी हे सांगितलं. मी शरमेनं मेले. बाई चहा, बिनसाखरेचा, पीत म्हणाल्या, “सिद्धेश्वराला माझा नमस्कार सांगा. आणि सांगा, रात्रीची भाकरी अर्धीच.” काही वर्षांनी त्यांची बदली झाली. जाताना मालकांनी त्यांना काय दिलं असेल? गुळाची ढेप.

मालक गेले ते म्हातारपणानं, झोपेत, थंडीतच. आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत. बसवून नेतात, मांडी घालून, जसे पेढीवर बसत तसे. जंगमांनी, म्हणजे आमच्या गुरुजींनी, पाय धुतले. मांडी घालताना उजवं पाऊल वर आलं. अंगठा तिथं होता, त्यावरचं नख थोडं वाकडं, पण होता. मी त्यावरची विभूती पुसून पुन्हा लावली.

भेटायला आलेल्या लोकांत पेठेतला एक जुना अडत्या होता. तो इतरांना हलक्या आवाजात सांगत होता, “ह्यांचा पाय जायचाच होता त्या साली. विजापूरच्या पानानं वाचला. स्वतः सांगायचे.”

मी रडत होते. रडणं थांबवलं, पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “पानबिन काही नव्हतं. करंदीकरबाई म्हणून एक बाई होती. ती ह्यांच्या गादीवर येऊन बसली आणि ह्यांच्याच काट्यावर ह्यांचा गूळ तोलला, म्हणून वाचला.”

लोक माझ्याकडं बघत राहिले. मी मालकांकडं बघितलं. समोर, मांडी घालून, नीट बसलेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मधे तोंड घातलं नाही.